न ऐकलेली गत

नंदलाल गेला त्याला चार महिने होत आले होते. थंडीचे दिवस होते. एका सकाळी खुशाल रेडिओवाला भिंतीला सायकल टेकवून दारात उभा राहिला आणि आत न येता तिथूनच म्हणाला, "वैनी, ही तुमची वस्तू माझ्यापाशी राहून गेली होती."

रुमालात गुंडाळलेली ती वस्तू नंदलालच्या बायकोने, गीताने, हातात घेतली आणि न उघडताच तिला कळलं. निळी प्लास्टिकची साबणाची डबी. एका बाजूला भोक पाडून बसवलेलं बटण, दुसऱ्या बाजूला वायर खुपसायच्या दोन जागा. आत दोन पेन्सिल सेल आणि मोडक्या ट्रान्झिस्टरमधून काढलेले चार-दोन तुकडे.

"आतली वायर सुटली होती," खुशाल जमिनीकडे पाहत बोलला. "नंदूनं पोळ्याच्या आधी आनून देल्ली. मी म्हटलं, उद्या देतो. मंग उद्या-उद्या करता... जाऊ द्या. आता चालू हाये."

चालू आहे म्हणजे काय, आणि कोणासाठी, हे दोघांपैकी कोणी विचारलं नाही.

भंडाऱ्याच्या विणकरांच्या गल्लीत टेकचंदचं घर. पुढच्या खोलीत दोन माग. एकावर टेकचंद स्वतः बसायचा, दुसऱ्यावर त्याचा एकुलता एक मुलगा नंदलाल. नंदलालचा हात लुगड्याच्या काठावर चांगला बसला होता, पण जीव गिटारीत होता. खुशालच्या गाण्याच्या पार्टीत तो गिटार वाजवायचा. ही गिटार छातीशी धरायची नव्हे. मांडीवर आडवी ठेवायची आणि पोलादी रॉड तारांवरून सरकवत वाजवायची. दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत ती लाऊडस्पीकरवरून घुमली, की माणसं हातातला ऊस खायचा विसरून ऐकत.

घरात मात्र अडचण होती. ती गिटार म्हणजे भरीव लाकूड. आवाज वाढवणाऱ्या यंत्राला जोडली नाही तर तारेचा आवाज वीतभर लांब जायचा नाही, आणि मागांच्या खटाक-खटाकमध्ये तेवढाही ऐकू यायचा नाही. यंत्राला जोडली, तर टेकचंदचा धागा चुकायचा. म्हणून खुशालने डोकं लढवून ती डबी बनवून दिली. गिटारची वायर डबीत, डबीतून हेडफोन कानावर. नागपूरच्या भंगारबाजारातून आणलेला जुना, चामड्याच्या गाद्यांचा हेडफोन. डबी शर्टाच्या खिशात बसायची. टेकचंद मागावर असला की नंदलाल पलीकडे भिंतीला टेकून तास-तास वाजवायचा, आणि घरात कोणाला काही ऐकू जायचं नाही.

त्या शेवटच्या सहा महिन्यांत तो एक नवी गत, नुसती वाजवायची रचना, बसवत होता. कोणाचं गाणं नव्हे, स्वतःची. गीता समोर रहाटावर सुताच्या कांड्या भरत बसायची आणि त्याच्या हाताकडे बघायची. रॉड वर सरकायचा, एका जागी थरथरायचा, मग खाली यायचा. नंदलालचे डोळे मिटलेले. आवाज मात्र शून्य. फक्त पोलाद तारेला लागल्याची बारीकशी टिकटिक.

"काय वाजवून राहिले?" तिने एकदा खुणेनेच विचारलं होतं.

त्याने एका कानावरचा हेडफोन सरकवला. "अजून जमून नाही राहिली. झाली की ऐकवतो."

श्रावणात त्याचे डोळे पिवळे झाले. कावीळ इतकी वाढली, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. ती गत ना गीताने ऐकली, ना खुशालने, ना आईबापाने. तेराव्यानंतर सासूने, कौशल्याबाईंनी, गिटार जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर टाकली. "डोळ्यापुढं नको मले ते लाकूड," एवढंच म्हणाल्या. त्या रडल्या नव्हत्या. लोक म्हणत, बाई दगडाची आहे.

खुशाल डबी देऊन गेला त्या दिवसापासून गीताला चैन पडेना. कामाला बसलं की नवऱ्याचे हात दिसायचे. चेहरा आता आठवावा लागायचा, पण हात आपोआप यायचे: रॉड गिटारीच्या पट्टीवरच्या पाचव्या ठिपक्यावर, मग सातव्यावर, तिथे थरथर, मग घसरत तिसऱ्यावर. सहा महिने रोज पाहिलेलं. एका सोमवारी कौशल्याबाई बाजाराला गेल्या तेव्हा ती शिडी लावून माळ्यावर चढली.

तारा सैल पडल्या होत्या. तिने खुशालला निरोप धाडला. तो आला आणि गिटारीपाशी बसला.

"तारा लावून द्या, खुशालभाऊ."

"कोनासाठी, वैनी?"

"कोनासाठी नाही. सैल तारेनं लाकूड वाकते, असं म्हनत होते ते."

खुशालने हेडफोन लावला, खुंट्या पिळत एकेक तार सुरात आणली आणि आणखी काही न विचारता निघून गेला.

तिने पहिल्यांदा हेडफोन कानावर चढवला तेव्हा बाहेरचं जग एकदम लांब गेलं. माग चालू होता, पण नदीपलीकडे चालू असल्यासारखा. कानात नुसती सूं-सूं. डबीतल्या यंत्राचीच ती, तिला ठाऊक होतं. तरी ती कोणीतरी जवळ बसून श्वास घ्यावा तशी होती. चामड्याच्या गादीला अजून खोबरेल तेलाचा वास येत होता. तिने रॉड तारेवर ठेवला आणि अंगठ्याने छेडलं. एवढा मोठा, एवढा जवळचा आवाज आला की तिच्या हातातून रॉड निसटला.

पुढे ते रोजचं झालं. दुपारी कौशल्याबाई पुढच्या खोलीत कांड्या भरत, टेकचंद मागावर, आणि गीता मागच्या खोलीत दार लोटून. घरात ती गोष्ट कळली नाही असं नाही. पण आवाज नव्हता, त्यामुळे कोणाला बोलावं लागत नव्हतं. विधवा सून गिटार वाजवते असं गल्लीत ऐकू गेलं असतं, तर ते वेगळं झालं असतं.

ती गाणी शिकत नव्हती. ती नवऱ्याचे हात शोधत होती. डोळे मिटायची, हात जिथे गेलेला आठवे तिथे रॉड न्यायची, आणि काय निघतं ते ऐकायची. पंधरा-वीस दिवसांत पहिला तुकडा सापडला. एका दुपारी तो पहिल्यांदा सलग वाजला. हे तिने कधी ऐकलं नव्हतं, आणि तरी हेच होतं. नवरा काय वाजवत होता हे तिला तो गेल्यावर पाच महिन्यांनी कळत होतं. होळीपर्यंत दुसरा तुकडाही आला. तिसऱ्यापाशी मात्र ती अडली. आठवणीतला हात तिथे धुरकट व्हायचा. नवव्या ठिपक्यावर गेलेला दिसे, पुढे काही नाही.

एका दुपारी असंच अडून तिने हेडफोन काढला आणि पाणी प्यायला उठली. माग थांबलेला होता. टेकचंद जेवून लवंडला होता. पुढच्या खोलीत रहाट फिरत होता आणि कौशल्याबाई गुणगुणत होत्या.

गीता माठापाशीच थबकली. सासूला गुणगुणताना तिने लग्नानंतर कधी ऐकलं नव्हतं. आणि त्या जे गुणगुणत होत्या ते ती गत होती. पहिला तुकडा. मग दुसरा. मग न अडता, न थांबता, नवव्या ठिपक्यावर चढून एक हेलकावा घेत खाली उतरणारा तिसरा, जो गीताला अजून सापडलाच नव्हता.

हातातला पेला तसाच राहिला. ती दारात गेली.

"आत्याबाई, हे कुठं आइकलं तुमी?"

रहाट थांबला नाही. "कुठं म्हनजे? वाजवते ना तो दुपारी."

"कोन?"

"नंदू."

"आत्याबाई, दुपारी मी बसतो तिथं. आन् त्याचा आवाज बाहेर येत नाही."

"तू बसतं ते मले दिसते. मी काई आंधळी नाही," कौशल्याबाई शांतपणे म्हणाल्या. "तू चुकतं. तो चुकत नाही. तू थांबली की तो पुढं वाजवते."

गीताने दुसऱ्या दिवशी खुशालला बोलावलं. आतला आवाज बाहेर गळतो का बघा, एवढंच सांगितलं. खुशालने मागच्या खोलीत बसून जोराजोरात तारा छेडल्या. ती पुढच्या खोलीत कान देऊन उभी राहिली. माग बंद होता. चिमणीच्या पंखांचा आवाज येत होता, गिटारीचा नाही.

"कधी कधी अशी वायर नागपूर स्टेशन पकडते, वैनी," खुशाल म्हणाला. "पन ते हेडफोन लावनाऱ्यालेच आइकू येईन. बाहेरच्याले नाही."

बाहेरच्याला नाही. आणि सासूने तर हेडफोन जन्मात कानाला लावला नव्हता.

भीती वाटली हे खरं. पण दुपार झाली की पाय तिकडेच वळत. ती वाजवायची, अडायची, हेडफोन काढून दाराशी कान लावायची. पुढच्या खोलीत कौशल्याबाईंची गुणगुण पुढे सरकलेली असायची. तेवढं ऐकून ती परत येऊन रॉड धरायची. असा तिसरा तुकडा पुरा झाला. एकदा धीर करून तिने सासूच्या शेजारीच बैठक मारली.

"तुमाले भेव नाही वाटत?"

कौशल्याबाईंनी कांडी बदलली. म्हणाल्या, "उन्हाळ्यात एक दिवस तो माह्यापाशी आला होता. ते कानाचं घेऊन. म्हने, माय, एक तुकडा आइक. मी लुगड्याले खळ लावून राहिली होती. म्हटलं, हात खळीचे हायत रे, मंग आइकीन." त्यांनी रहाट पुन्हा फिरवला. "आता तो रोज आइकवते. मी कायले भेऊ?"

त्या पुढे म्हणाल्या, "तीन तुकडे नाहीत तेचे. चार हायत. पन चौथा मी तुले नाही सांगनार. तो मले राहू दे."

दिवाळी आली तसा खुशाल पुन्हा दारात आला. या वेळी आत येऊन बसला. सानगडीच्या मंडईला पार्टी जाणार होती आणि गिटारवाला नागपूरला लग्नात अडकला होता. "वैनी, मी तुमच्या तारा लावल्या. लाकूड वाकू नये म्हनून कोनी वर्षभर सेल बदलत नाही," तो म्हणाला. "गानी मी सांगतो. दिवसाचा कार्यक्रम हाये. संध्याकाळी घरी."

कौशल्याबाई काही बोलण्याच्या आत टेकचंदने माग थांबवला. चाळीस वर्षांच्या खटाकाने त्याचे कान अर्धे गेलेले, पण एवढं त्याला ऐकू आलं होतं. "जाऊ दे तिले," तो म्हणाला. "लोक काय बोलायचं ते बोलतीन. बोलले तरी मले कुठं आइकू येते?"

गीताला जायचंच होतं. किती जायचं होतं हे त्या क्षणी तिला कळलं आणि तिची तिलाच लाज वाटली. वर्षभर ती जे वाजवत होती ते तिच्याशिवाय कोणी ऐकलं नव्हतं.

रात्री भांडी घासताना कौशल्याबाई तिच्याशेजारी उकिडव्या बसल्या. "जा तू. गानी वाजव, काय बी वाजव. पन ते नको वाजवू. ते घरातलं आहे. एकदा बाहेर गेलं की गेलं."

"नाही वाजवत, आत्याबाई."

"माही शपथ?"

"तुमची शपथ."

सानगडीला माणूस मावत नव्हता. सिंघाड्यांचे ढीग, पाळणे, उसाच्या मोळ्या, बांगड्यांची दुकानं, आणि मधोमध ट्रकच्या फळ्यांचा मंच. गीताने डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि मान खाली घालूनच बसली. पहिल्या गाण्याला बाया एकमेकींना कोपर मारत होत्या. दुसऱ्याला थांबल्या. चौथ्या-पाचव्या गाण्याला टाळ्या पडू लागल्या तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर केली. समोर उन्हात नुसती डोकी होती, दूर झाडांपर्यंत.

पुढच्या दंडारीचे, लोकनाट्याचे, नट रंगून तयार व्हायचे होते. ढोलकीवाला चहाला उतरला. खुशालने खालून हात फिरवला: चालू ठेवा, काहीही. तिने पुढचं गाणं आठवायला डोळे मिटले.

पुढे तिने अनेकदा स्वतःला विचारलं की तेव्हा नेमकं काय झालं. हात आपोआप गेला, असं म्हणणं सोपं होतं, आणि ती सासूला तसं सांगूही शकली असती. पण ते खरं नव्हतं. डोळे मिटल्यावर तिला पाचवा ठिपका दिसला, सासूचा चेहरा दिसला, आणि तिने रॉड पाचव्या ठिपक्यावर ठेवला. तिला ती गत मोठ्याने ऐकायची होती. एकदाच.

लाऊडस्पीकरमधून पहिला स्वर निघाला तसा मंचाच्या फळ्यांतून तो तिच्या पायांत उतरला. पहिला तुकडा, दुसरा, तिसरा. कोणी बोलत नव्हतं. पाळणेवाल्याने पाळणा थांबवला होता. तिसरा तुकडा संपला, तिने रॉड उचलला, आणि काही क्षण पुढे काहीतरी येणार आहे असं समजून सगळे तसेच वाट बघत राहिले. मग एक म्हातारा उठून उभा राहिला, आणि त्याच्यामागे ओळीच्या ओळी उठल्या.

खुशाल मंचाच्या कडेला बसून दोन्ही हातांनी तोंड पुसत होता. "नंदूची?" त्याने विचारलं. तिने होकारार्थी मान हलवली.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा टेकचंद ओट्यावर बसला होता. आतला दिवा लावलेला नव्हता.

"काय झालं मामाजी?"

"काय माहीत बापा. दुपारी चांगली कांड्या भरून राहिली होती. तीन-साडेतीन वाजले असतीन. एकदम रहाट थांबवला अन् म्हनाली, 'गेला.' मी म्हटलं, कोन गेला? तशी जाऊन झोपली ते झोपलीच."

साडेतीन. मंचावरून ढोलकीवाला चहाला उतरला ती वेळ. गीता उंबरा ओलांडून आत गेली. कौशल्याबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"तू वाजवलं," त्या वळून न पाहता म्हणाल्या.

"हो."

"शपथ घेतली होती."

"हो, आत्याबाई." तिला रडू फुटलं. "मले आइकायचं होतं."

मग अंधारातून प्रश्न आला, "किती लोक होते?"

"लई होते."

"त्याइले आवडलं?"

"उठून उभे राहिले."

"मंग तो तिथंच राहिला असन," कौशल्याबाई म्हणाल्या. "इथं कायले येईन."

त्यानंतर घर खरोखर मुकं झालं. कौशल्याबाई गुणगुणत नव्हत्या. त्या कामं करत, जेवण वाढत, पण दुपारी रहाट फिरवता फिरवता मध्येच थांबून मान वाकडी करत, ऐकत, आणि पुन्हा सुरू करत. ते पाहणं गीताला शिव्या खाण्यापेक्षा जड जायचं. ती हेडफोन लावून बसायची. कानात सूं-सूं यायची. आता ती फक्त यंत्राची होती.

माघ सरता सरता एका दुपारी मागच्या खोलीचं दार उघडलं. कौशल्याबाई आत आल्या आणि तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"चौथा मी तुह्यापासून लपवून ठेवला होता," त्या म्हणाल्या.

"मालूम आहे मले."

"आता मलेच नाही येत." त्या म्हणाल्या. "रोज वाटते, आता आठवन. तोंडापर्यंत येते अन् जाते. पोरी, मी तो तुले सांगितला असता, तर निदान तुह्यापाशी राहिला असता वं."

आणि त्या रडू लागल्या. दीड वर्षात पहिल्यांदा, तोंडात पदर कोंबून, आवाज न करता.

गीताने हेडफोन उतरवला आणि सासूच्या पांढऱ्या केसांवरून कानांवर चढवला. कौशल्याबाई दचकल्या.

"कोन श्वास घेऊन राहिलं?"

"कोनी नाही, आत्याबाई. सेलचा आवाज आहे तो."

त्यांनी विश्वास ठेवला नाही. बोट ओठांवर ठेवून तिला गप्प केलं आणि डोळे मिटले. गीताने पहिला तुकडा वाजवला. तिला स्वतःला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त पोलादाची टिकटिक. ती सासूच्या चेहऱ्यावरून वाजवत होती. दुसरा. तिसरा. मग तिने अंदाजाने रॉड पुढे नेला. कौशल्याबाईंनी डोकं हलवलं: नाही. तिने खाली आणला. नाही. सातव्यावरून हळू चढवला. त्यांच्या कपाळाला आठी पडली, हात अर्धा उचलला गेला, थांबला, आणि पुन्हा मांडीवर पडला. नाही.

त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत दोघी बसल्या. दुसऱ्या दिवशीही बसल्या.

कौशल्याबाई त्यानंतर चार वर्षं जगल्या. चौथा तुकडा सापडला नाही. गीता पार्टीबरोबर एकोडीला गेली, दिघोरीला गेली, दर दिवाळीनंतर सानगडीला गेली. लोक गाण्यांच्या मध्येच ओरडून तीच गत मागायचे. ती तीन तुकडे वाजवते आणि रॉड उचलते. ऐकणाऱ्यांना वाटतं, गत तेवढीच आहे.